सात वेढे

३ मार्च

ती. वन्संना नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, आई बऱ्या आहेत. फोन न करता पत्र का लिहिते ते आधी सांगते. फोन केला की आई तो स्पीकरवर ठेवायला लावतात. एरवी त्यांना दाराची बेल ऐकू येत नाही, पण जे ऐकू येऊ नये ते स्वच्छ ऐकू येतं. मोबाइलवर मेसेज लिहावा तर हे तो मोठ्याने वाचतात. तुमच्या धाकट्या भावाला मनातल्या मनात वाचता येत नाही, हे लग्नानंतर आठवडाभरात माझ्या लक्षात आलं होतं. तेव्हा उरलं पोस्ट. उत्तर घरी पाठवू नका, माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा.

विषय असा. आईंचा उजवा खांदा गोठला आहे हे तुम्हाला माहीत आहेच. हात कानाच्या वर जात नाही, म्हणजे अंबाडा बंद. जन्मभर त्यांनी स्वतःचा अंबाडा स्वतः घातला, आरशात न बघता, तोंडात काटे धरून, मला काय चुकलं ते सांगत सांगत. आता ते काम माझ्याकडे आलं. मला अंबाडा घालता येत नाही. माझे केस शाळेपासून मानेच्या वर आहेत, मला फार तर भांग पाडता येतो. म्हणून मी त्यांचे केस मागे घेते आणि रबर लावते. मुली त्याला पोनी म्हणतात. आईंना शहात्तराव्या वर्षी पोनी आली.

ती टिकत नाही. तुम्ही त्यांच्या केसांना सुळसुळीत म्हणता, तो शब्द बरोबर आहे. सकाळी चहाच्या वेळी बांधलेलं रबर आंघोळीपर्यंत मानेवर येतं, जेवणापर्यंत पाठीवर, आणि मी दुकानातून परत येते तेव्हा पलंगाखाली सापडतं. बारीक घट्ट रबर टिकतं, पण काढताना केस घेऊनच निघतं. आई तेव्हा डोळे मिटून बसतात आणि काही म्हणत नाहीत. त्या काही म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

एवढ्यावर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण परवा घोडं अडलं. व्यायाम करून घ्यायला फिजिओबाई येतात, त्यांनी दाराच्या चौकटीला एक कप्पी लावून दिली आहे. दोरी एका हाताने ओढायची, की दुसरा हात आपोआप वर जातो. मंगळवारी मध्येच रबर निसटलं, केस पुढे आले आणि दोरीबरोबर कप्पीत गेले. बाईंनी दोरी धरून ठेवली म्हणून निभावलं. त्या म्हणाल्या, केस कानापर्यंत कापा, नाहीतर कप्पी बंद. कप्पी बंद राहिली तर खांदा कायमचा असाच राहील. एप्रिलअखेर त्या ओळखीच्या पार्लरवालीला सोबत घेऊन येणार आहेत, तोवर काही सोय झाली तर बघा म्हणाल्या.

आई त्यावर भिंतीकडे तोंड करून झोपल्या. हे म्हणाले, ताईला विचार, केस हा तिचा विषय. म्हणून विचारते. न ओढणारं, न तोडणारं आणि तरीही न निसटणारं रबर असतं का? असल्यास कोणतं?

तुमची भावजय

११ मार्च

वहिनी,

कापायचे नाहीत. हे शेवटी लिहिणार होते, पण तू पत्रं शेवटपर्यंत वाचतेस की नाही ते मला माहीत नाही. आईच्या केसालाही धक्का लागता कामा नये, आणि हे मी बोलायची पद्धत म्हणून लिहीत नाही.

तू त्या केसांचे चांगले दिवस पाहिलेले नाहीस. तू आलीस तेव्हा ते आधीच अंबाड्यात गेले होते. आम्ही लहान असताना आई न्हाऊन बाहेर आली की एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने तुझा नवरा टॉवेल घेऊन उभे राहायचो. ते केस एका मुठीत मावायचे नाहीत. माझी मूठ लहान होती हे धर, पण बाबांच्याही मुठीत मावायचे नाहीत. अभ्यासाला बसले की मी माझी पेन्सिल तिच्या अंबाड्यात खोचून ठेवायची, आणि मग ती पेन्सिल अख्ख्या घराला सापडायची नाही. आजसुद्धा मी आले की चपला काढते आणि पहिल्यांदा तिच्या अंबाड्यात हात घालते. हात आत बुडतो. दोन वर्षं गिरणीत नवी मशिनं बसवण्याच्या नादात येणं झालं नाही, पण हाताला ते आठवतं.

आता रबराचं. मी सूतगिरणीच्या चाचणी विभागात आहे हे तू विसरली असशील. दिवसभर धागा ताणायचा, तुटला की आकडा लिहायचा. मी बाजारातून जितक्या जातींची रबरं मिळाली तितकी आणली. आईच्या केसांच्या अंदाजाने, म्हणजे मनगटाएवढी, रेशमी धाग्याची लडी घेतली, तिला एकेक रबर लावलं आणि ती कंपनाच्या मशीनवर टांगली.

कचेरीत फायलींना लावतात ते पिवळं रबर टिकलं, पण काढताना लडीचे धागे तोडून निघालं. तू बहुतेक तेच लावत होतीस. ज्याला धातूचा जोड असतो त्या जोडात धागा अडकतो, त्यामुळे ते बाद. टेलिफोनच्या वायरसारखं गुंडाळ्यांचं एक निघालंय, ते धाग्याला सोसतं आणि त्याची खूणही पडत नाही, पण आईला उताणं झोपावं लागतं आणि त्यावर डोकं टेकणं म्हणजे खड्यावर झोपणं. साटिनचं दिसायला सगळ्यांत सुंदर होतं आणि सगळ्यांत आधी पडलं. सुळसुळीताला सुळसुळीत लावून काय होणार? शेवटी टिकलं ते मखमलीचं, रुंद, अंगठ्याएवढं जाड. मखमलीला लव असते, ती धाग्याला धरते पण चावत नाही.

दोन पाठवते आहे. तीन वेढे द्यायचे. तिसरा जरा जड जाईल, तोच खरा.

तुझी नणंद

१९ मार्च

ती. वन्सं,

पार्सल मिळालं. मखमलीचं रबर आईंना फार आवडलं. त्यांनी ते मनगटात घालून पाहिलं आणि दिवसभर तिथेच ठेवलं. संध्याकाळी हे म्हणाले, नवीन बांगडी छान आहे.

केसांत मात्र ते बसलं नाही. तुम्ही सांगितलेत तसे तीन वेढे दिले. तिसरा जड गेला नाही. आई उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या आणि रबर खुर्चीपाशीच राहिलं. मोठं होतं. याहून जास्त मी काही लिहीत नाही.

मग मी माझं डोकं चालवलं. चष्मा नाकावरून घसरतो अशा गिऱ्हाइकांसाठी आमच्याकडे दांडीवर चढवायची सिलिकॉनची टोपी असते. तशी एक टोपी उभी चिरली, केसांभोवती गुंडाळली आणि वर रबर लावलं. दुपारपर्यंत टिकलं. आई म्हणाल्या, मानेमागे कुणीतरी उभं आहे असं वाटतंय. त्यांनी ते स्वतःच काढून माझ्या हातात दिलं.

थोडं लहान मापाचं मिळालं तर बघा. खूप लहान असलं तरी चालेल.

फिजिओबाई येऊन गेल्या. केस मोकळे पाहिले, माझ्याकडे पाहिलं, दोरी गुंडाळली आणि खुंटीवर टांगली. आता नुसता भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम चालू आहे. गेल्या महिन्यात आईंचा हात कानापर्यंत जायचा, काल हनुवटीपाशी अडला. चमचा तोंडाशी नेताना त्या मान खाली आणतात आणि मी बघत नाहीये असं धरून चालतात. मीही तसंच धरून चालते.

तुमची भावजय

२७ मार्च

वहिनी,

"मोठं होतं" म्हणजे काय? मी लडीवर मोजून घेतलंय. तीन वेढ्यांत मनगटाएवढी लडी रात्रभर मशीनवर हलली आणि रबर जागचं हललं नाही. लडी तीच, रबर तेच, मग फरक कशात उरला? बांधणाऱ्या हातात. तुला राग येईल, पण नाचता येईना अंगण वाकडं असं व्हायला नको. तुझे केस कधी वाढलेच नाहीत, त्यात तुझा दोष नाही. मात्र शिकून घे. न्हायच्या दिवशी बांधू नकोस, दुसऱ्या दिवशी बांध. केस किंचित ओलसर करून घे. मुळाशी दोन पेड सैल घाल आणि मग त्यावर रबर लाव. जीव खाऊन आवळू नकोस.

आणि एक स्पष्ट बोलते. कापले की तुझी रोजची सकाळची वीस मिनिटं वाचतील, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. दुकानाची वेळ, घरचं सगळं, मला समजतं. पण तसं मनात असेल तर सरळ सांग. मला विचारल्याचं दाखवून केसाने गळा कापू नकोस.

तू लहान मागितलंस म्हणून लहानही पाठवते आहे. शाळकरी पोरींचं आहे, सुती विणीचं, मऊ. ते आईच्या अर्ध्या केसांनाही पुरणार नाही, पण तुझी हौस होऊ दे. बांधून बघ आणि किती वेढे बसले तो आकडा कळव. वर्णन नको.

तुझी नणंद

४ एप्रिल

ती. वन्सं,

तुमचं पत्र दुकानात वाचलं. समोर एक गृहस्थ आरशात चौकट लावून बघत होते. पत्र वाचता वाचता मी त्यांना बायकांची चौकट काढून दिली. त्यांना ती आवडली आणि ते घेऊन गेले. म्हणजे तुमच्या पत्राने एकाचं तरी भलं झालं.

उंटावरून शेळ्या हाकायला माझी हरकत नाही, मोठ्या नणंदेचा तो हक्कच आहे. पण निदान शेळ्या किती उरल्यात ते तरी विचारावं.

वीस मिनिटांचं म्हणाल तर वीस नाहीत, बारा लागतात. आणि ती वाचावीत असं मला वाटत नाही. लग्न झाल्यापासून आई माझ्याशी कामापुरतं बोलत आल्या. पाठ माझ्याकडे असली की मात्र बोलतात. परवा त्यांनी मला तुमच्या बाबांनी पहिल्यांदा केलेली भाजी कशी करपली ते सांगितलं. काल त्यांना लहानपणी पोहता येत होतं हे सांगितलं. हे तुमच्या भावालाही माहीत नव्हतं. मी तोंडात पिन धरून नुसती हं म्हणते. तुम्ही मला काय वाटेल ते म्हणा, ती बारा मिनिटं मी कात्रीला देणार नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आईंनी मला एक गोष्ट तुम्हाला सांगायची नाही म्हणून शपथ घातली आहे. माझ्या डोक्यावर हात ठेवून ती घालणार होत्या, पण त्यांचा हात तेवढा वर जात नाही, म्हणून गुडघ्यावर ठेवून घातली. मी शपथ मोडत नाही. पण तुम्ही आकडा विचारलात, आणि आकड्याबद्दल त्या काही बोललेल्या नाहीत.

लहान रबर. सात वेढे. आठवा द्यायला गेले, तो पुरला नाही.

वर्णन नको म्हणालात, म्हणून करत नाही.

तुमची भावजय

१० एप्रिल

वहिनी,

सात हा आकडा वाचून मला वाटलं, तू रागाने तीनाचे सात केलेस. सात वेढे पडले तर किल्लाही हाती येतो. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. तू रागात आहेस पण खोटं लिहीत नाहीस, हे प्रत्येक ओळीत दिसत होतं.

तसलंच लहान रबर माझ्याकडे दुसरं होतं. ते घेऊन गिरणीत गेले आणि ती मनगटाएवढी लडी पुढ्यात घेतली. लडीला एक वेढा जेमतेम बसला. मग मी लडीतून धागे काढायला सुरुवात केली. थोडे काढायचे, रबर लावायचं, वेढे मोजायचे. दोन झाले. आणखी काढले, तीन झाले. निम्मी लडी टेबलावर आली तरी सात होईनात. मी काढत राहिले. शेवटी सातवा वेढा बसला आणि आठवा पुरला नाही, तेव्हा टेबलावर धाग्यांचा ढीग झाला होता आणि माझ्या हातात पेन्सिलीएवढी लडी उरली होती.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, नमुना बाद झाला का? मी म्हटलं, नमुना बरोबर आहे, माझं माप चुकलं होतं. आणि मला रडू आलं. इतक्या वर्षांत मी कामावर रडलेले नाही, एकदा बोट मशीनमध्ये गेलं होतं तेव्हासुद्धा नाही. काल रडले.

तुला बोलले ते सगळं मागे घेते. तुझ्या हातात काही खोट नव्हती. महिनाभर मी नसलेल्या केसांना रबर शोधत होते आणि असलेल्या केसांवरून तुला शिकवत होते. आता कळलं की जाड रबर का निसटायचं. धरायला आत काही नव्हतंच.

शपथ मोडू नकोस. मी विचारते तेवढ्याचंच उत्तर दे. आईच्या उशीला अभ्रा कोणत्या रंगाचा घालतेस?

सोबत एक रबर आहे. रबर म्हणायचं म्हणून, आत रबर नाही. नरम सुताची पोकळ नळी विणून घेतली आणि तिचंच कडं केलं, वीणच ताणते. लव वरच्या बाजूला ठेवली आहे. पेन्सिलीएवढ्या लडीवर चार वेढे बसतात आणि पाचव्याची गरज पडत नाही. सात वेढ्यांचा गोळा मानेला टोचत असणार, हेही मला आधी सुचलं नाही.

आणखी एक. या केसांवर फिजिओबाईंनी मत दिलं, मी दिलं, धाकट्याने माझ्यावर ढकललं. जिच्या डोक्यावर ते आहेत तिला कुणी विचारलं का? मी तर नाही विचारलं. तू पाठीमागे उभी असशील तेव्हा विचारून बघ.

तुझी,
वन्सं

१८ एप्रिल

प्रिय वन्सं,

अभ्रा पांढरा. पूर्वी निळा असायचा, त्यावर पांढरं सगळं दिसायचं. बदलायला कुणी सांगितलं ते शपथेत येतं.

तुमचं कडं सोमवारी सकाळी लावलं. चार वेढे दिले. आई दिवसभर डावा हात मागे नेऊन बघत होत्या की आहे का पडलं. मी घरी आले तेव्हा सवयीने आधी पलंगाखाली वाकले, तर आई वरून म्हणाल्या, तिथे काही नाही. काढताना ते नुसतं घसरून हातात आलं. मी उजेडात धरून पाहिलं, आमच्या दुकानातली भिंगं लावून पाहिलं. त्यात एकच केस होता, आणि तो माझा निघाला.

फिजिओबाईंनी कडं ओढून बघितलं आणि दोरी खुंटीवरून काढली. पहिल्या दिवशी हात कानापर्यंत आला. काल कपाळाला लागला. बाई म्हणाल्या, आता कापलेच पाहिजेत असं नाही, तरी पार्लरवालीला सांगून ठेवलंय, तीस तारखेला ती येईल. नाही कापले तर चहा घेऊन जाईल.

मग मी तुम्ही सांगितलं तसं विचारलं. बांधता बांधता म्हटलं, आई, तुम्हाला स्वतःला काय हवंय? त्यांनी डाव्या हाताने कडं चाचपलं. मग त्या म्हणाल्या, "मला केव्हाच कापायचेत. मान हलकी होईल. पण ती आली की आधी अंबाड्यात हात घालते. तिच्या हाताला काय लागेल?"

मला पुढचा वेढा देता येईना. त्या दिवशी भिंतीकडे तोंड केलं ते केसांसाठी नव्हतं, वन्सं. तुम्हाला कळू नये म्हणून त्या केस राखून होत्या. तुम्ही त्यांच्यासाठी राखत होतात. आणि मध्ये मी पलंगाखाली रबरं शोधत होते.

मी विचारलं, आता हे वन्संना लिहू का, की अजून शपथ आहे? त्या म्हणाल्या, लिहून काय करायचं, ती तिथे बसून रडेल. तिला म्हणावं ये.

तेव्हा या. तीस तारखेच्या आधी या.

तुमची,
वहिनी

६ मे

प्रिय वहिनी,

काल इकडे परत पोचले. तू दुकानात असताना काय काय झालं ते आईने तुला सांगितलं नसणार, कारण तुम्ही दोघी पाठीमागून बोलता आणि आता पाठीमागे बांधायला काही उरलं नाही. म्हणून लिहिते.

मी आले त्या दुपारी आई दाराकडे पाठ करून खुर्चीत बसली होती. मुद्दाम बसली होती. कडं तू सकाळी लावलेलं होतं तसंच होतं. मी चपला काढल्या आणि नेहमीसारखा हात घातला. हात बुडाला नाही. माझीच बोटं माझ्या अंगठ्याला लागली.

तिने मागे न बघता विचारलं, "काय लागलं?"

मी म्हटलं, "रबर."

तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे, म्हणून पुढे जाऊन वाकून बघितलं, तर हसत होती. मग मी हसले. मग आम्ही दोघी रडलो, तेही झालं. नंतर तिने मला हात धुऊन यायला सांगितलं आणि लहानपणच्या पोहण्याची गोष्ट सांगितली. ती तू आधीच ऐकली आहेस हे मी तिला कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फणी घेऊन उभी राहिले तेव्हा तू म्हणालीस, ही बारा मिनिटं माझी आहेत, आणि मी निमूट बाजूला झाले. मला त्या क्षणी तुझा थोडा राग आला होता. आता नाही.

तीस तारखेला पार्लरवालीने चहा घेतला आणि पेटी उघडली. आई म्हणाली, कात्री हिला द्या. मी आयुष्यात धाग्याशिवाय काही कापलेलं नाही. आईने डोळे मिटले नाहीत, आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मी कड्याच्या वर कात्री लावली. एका कापात झालं. पूर्वीचे केस असते तर गिरणीतली मोठी कात्री आणावी लागली असती. पुढचं नीटनेटकं पार्लरवालीने केलं. आईने मान इकडून तिकडे फिरवून बघितली आणि म्हणाली, हलकी झाली.

संध्याकाळी तू आलीस, आईकडे पाहिलंस, माझ्या हातात पाहिलंस. मग पर्समधून स्वतःची चष्म्याची डबी काढलीस, चष्मा डोळ्यांवर चढवलास आणि डबी माझ्यापुढे धरलीस. ते सगळे केस तीत मावले, कड्यासकट, आणि झाकण लागलं. तेव्हा आभार मानायचे राहिले, ते आता मानते.

तू हात धुवायला आत गेलीस तेव्हा आई आरसा घेऊन बसली होती. मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात, म्हणजे तिच्या मते हळू, विचारलं, "सुनेसारखी दिसते ना मी?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "सकाळी ती फणी घेऊन येईलच. केस असोत नसोत, येऊ दे." तिने हे तुला सांगायचं नाही अशी शपथ घातलेली नाही. मी मुद्दाम वाट पाहिली, नाही घातली.

आज डबी कामावर नेली. कंपनाच्या मशीनवर ठेवली, जेवून आले, उघडून पाहिली. रबर जागच्या जागी आहे. निसटलं नाही.

आईचा हात डोक्यावर पोचला की कळव. आकडा नको, वर्णन कर.

तुझी,
वन्सं